हलकी चावी

गारखेड्यातल्या त्या गल्लीत बद्रीनाथला सगळे पाणीवाले काका म्हणत. काम एवढंच, की आठ दिवसांनी टाकीवरून पाणी सुटलं की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीनं उघडायचा आणि टाकी बंद झाली की बंद करायचा. पण बद्रीनाथ आधी चप्पल काढायचा, काठावर जास्वंदीचं फूल ठेवायचा, हात जोडायचा आणि मगच चावी लावायचा. मे महिन्यात डांबर वितळायला आलेलं असो, पाय अनवाणीच. बायको मनकर्णाबाई म्हणायची, "घरातल्या देवाला शिळं फूल अन् गटारीशेजारच्या देवाला ताजं."

नोकरी लागली त्या वर्षी गावच्या कीर्तनात बुवांनी सांगितलं होतं, की तहानेल्याला पाणी देणारा हात देवाचाच असतो. या भाबड्या माणसानं ते जे मनावर घेतलं ते कायमचं. सण नाही, सुट्टी नाही. पोरीच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या पंगत सोडून स्वारी खड्ड्यावर हजर.

आणि देव आपल्याला पावला, असंही त्याला वाटायचं. पहिली काही वर्षं चावी फिरवताना त्याचा घाम निघायचा, खांदे भरून यायचे. मग पाण्याच्या एका पाळीला ती अचानक हलकी झाली, एका हातानं गरगर फिरू लागली. बद्रीनाथचे डोळे भरून आले. "सेवा रुजू झाली," त्यानं घरी येऊन सांगितलं. मनकर्णाबाईनं शिरा केला.

त्याच सुमाराला गल्लीच्या टोकाला पाणी करंगळीएवढं येऊ लागलं. लोक शिव्या घालायचे. तो म्हणायचा, टाकीतच पाणी कमी, मी काय करू? शेवटच्या घरातली सरूबाई मात्र कधी बोलली नाही. एकटी म्हातारी, लांबच्या हातपंपावरून कळशी आणायची. गेल्या उन्हाळ्यात कळशीसकट पडली, खुबा मोडला आणि तिनं खाट धरली. बद्रीनाथ भेटायला गेला तेव्हा म्हणाला, "मावशी, मी माझ्याकडून पुरं उघडतो. पुढचं देवाच्या हातात."

"व्हय रे बाबा," ती म्हणाली, "तुझा काय दोष."

दिवाळीनंतर जुना व्हॉल्व्ह बदलायला माणसं आली. मिस्तरी पुंडलिकनं तो बाहेर काढून उलटा केला आणि त्याला हसू आलं.

"काका, तुमी हे फिरवत होता? आतली झडप कवाच तुटून पडलेली हाय. ती निम्मं पाणी अडवून बसली अन् वरचा दांडा नुसताच फिरतोय. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. चावी हलकी नाय लागली का तुमाला?"

बद्रीनाथनं चावी लावून पाहिली. दांडा गरगर फिरला. झडप जागची हलली नाही. त्याला शिऱ्याची चव आठवली.

पुढच्या पाळीला नव्या व्हॉल्व्हनं त्याचा घाम काढला. खांदे भरून आले. टोकाच्या घरापर्यंत पाणी धो धो गेलं. सरूबाईनं त्याला बोलावून घेतलं. शेजारीण तिच्या कळश्या भरत होती आणि म्हातारी खाटेवर पडून तो आवाज ऐकत होती.

"बद्री, तुझी भक्ती फळाला आली बघ."

मावशी, चावी हलकी झाली तेव्हा मी कुणाला तरी दाखवायला हवी होती. मी घरी जाऊन शिरा खाल्ला. हे सांगायला तो खाटेजवळ वाकला, तोच तिनं त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. त्याला तो सोडवून घेता येईना.

तो अजून पाळी चुकवत नाही. फक्त चप्पल घालूनच चावी फिरवतो. मनकर्णाबाई सवयीनं त्याच्या खिशात फूल घालते आणि धुणं काढताना तिला ते तसंच, सुकलेलं सापडतं. एकदा तिनं विचारलंच, "देवाला वाहिलं नाय का?"

"तिथं व्हॉल्व्ह हाय," तो म्हणाला.