कालचा पेपर

"कालचा घे. आजचा माणसं वाचताहेत."

वाचनालयाचा चिटणीस असं म्हणाला आणि त्यानं पेपर ओसरीवर टाकला. हातात दिला नाही. टाकला. लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या तिथं. आत लांब टेबलाभोवती पाच-सहा जण बसले होते. एकानंही मान वर केली नाही. मी माणसांत मोडत नाही, ही त्यांच्यासाठी काही नवी गोष्ट नव्हती.

मी वाकले. पेपर उचलला. वरून म्हणाले, "लय उपकार झाले, भाऊसाहेब."

त्याचे शब्द मला लागले, पण माझे शब्द जास्त लागले. बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. घरातले देव आम्ही नदीत सोडले होते. आता कोणापुढं वाकायचं नाही, असं माझे सासरे सगळ्या वस्तीपुढं बोलले होते. मी पांढरं लुगडं नेसून समोरच बसले होते. आता सासरे नव्हते आणि मी चपलांमध्ये बसून पेपर वाचत होते.

काम गेलं होतं. पांढरकवड्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही नवरा-बायको दोघंही होतो. तो कापसाचे बोजे वाहायचा, मी कापसातला कचरा वेचायची. त्या हंगामात जीन उघडलंच नाही. मालकानं यंत्रं विकली, असं मागून कळलं. आम्हाला सांगायला कोणी आलं नाही. फाटकाला कुलूप दिसलं, तेवढंच. नवरा राजूरच्या कोळसा खाणीकडं गेला. तिथंही रोज काम मिळत नव्हतं. घरी मी, माझी लहानी पोरगी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई जंगलातून सरपण आणून हैदराबाद रोडवरच्या हॉटेलांत विकायची. ट्रकवाले थांबत ती हॉटेलं. मी म्हटलं, मीही येतो मोळीले. तिनं मला हात धरून बसवलं.

"मोळी मी आनतो. तू सातवी शिकली नं? वाचनालयात जाय. पेपरात नोकऱ्या येतात म्हनते. तू तेच काम कर."

तेच काम कर. ती डोक्यावर लाकडं घेऊन दोन कोस चालायची आणि मी सावलीत बसून वाचायची. घरी आल्यावर ती भाकर माझ्याकडं सरकवायची. "डोक्याचं काम करून आली तू, खाय." तसं कोणतंच काम मी केलेलं नसायचं. तरी मी खायची.

पेपरात खरंच नोकऱ्या यायच्या. शिक्षक पाहिजेत, कंपाउंडर पाहिजे, ग्रामसेविका पाहिजे. दारावर पाटी होती, 'सार्वजनिक वाचनालय'. सरकारचं अनुदान त्याला मिळायचं. ते कोणासाठी मिळतं, हे मी कधी विचारलं नाही. ओसरी मिळते, पेपर मिळतो, एवढ्यावर मी खूश. कालचा तर कालचा. एका दिवसानं काय बिघडते, असं मी मनाला सांगायची.

बिघडलं.

एका दुपारी मी चपलांमध्ये बसून वाचत होते. सातवी पास बायांना सरकारी दवाखान्यात सुईणीचं नि नर्सचं शिक्षण. राहणं-जेवण दवाखान्याकडं, वर महिन्याला विद्यावेतन. मागासवर्गीय बायांना आधी जागा. मी ते दोनदा वाचलं. खाली लिहिलं होतं, 'दाखला घेऊन उद्या सकाळी यवतमाळला मुलाखतीस यावे.'

पेपर कालचा होता. म्हणजे मुलाखत आज सकाळी होऊन गेली होती.

मी आत पाहिलं. ते सगळे निवांत वाचत होते. काल हाच पेपर त्यांच्यासमोर होता. त्यांतल्या कोणाच्या घरची बाई सुईण व्हायला जाणार नव्हती. त्या जाहिरातीवरून त्यांचे डोळे घसरून गेले असतील.

मी भांडायला पाहिजे होतं. मी पेपराची नीट घडी केली, उंबऱ्यावर ठेवली आणि घरी आले.

आत्याबाईनं विचारलं, "काही निंघालं काय वं आज?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? तिला दुःख होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. पेपर कालचा काहून, हे तिनं विचारलं असतं, आणि मग मी चपलांमध्ये बसते हे सांगावं लागलं असतं. ती बाई समजत होती की तिची सून टेबलापाशी बसून वाचते. वस्तीभर सांगत होती.

ती मोळ्या आणतच राहिली. आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाल्याच्या उतारावर पाय घसरून मोळीसकट पडली. तांड्यावरची जमनी मागून येत होती. माझ्यासोबत जिनात होती ती. तिनं आणि दुसऱ्या एका बाईनं आत्याबाईला उचलून आणलं. दवाखान्यात नेलं. कमरेचं हाड बसलं, पण ती सरळ चालेल अशी आशा नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी तिचे पाय चेपत होते. माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. ओसरी, चपला, कालचा पेपर, यवतमाळची मुलाखत. म्हटलं, "मी तवाच आत गेली असती तं आज तुमाले मोळीले जा लागलं नसतं. हे माह्यामुळं झालं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. ती तसं म्हणाली नाही. तिनं पायावरचा माझा हात बाजूला सारला. मग म्हणाली,

"माही कंबर लाकडानं मोडली. तुही कायनं वाकली?"

कोणी मारलं नव्हतं. कोणी बांधलं नव्हतं. पेपर टाकला आणि मी वाकले.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तेव्हा मी दारात होते. चपला काढल्या आणि आत गेले. बाकावर बसले. आजचा पेपर ओढून उघडला.

चिटणीस उठून आला. "ए बाई, बाहेर बस. देतो तुला."

"काय देता?"

"कालचा देतो की."

"कालच्यानं माहं भागत नाही. बाहेर सार्वजनिक म्हनून लिहिलं हाये. मले वाचता येते."

एक जण उठून गेला. मग दुसरा. टेबल रिकामं झालं. चिटणीस माझ्या डोक्यावर उभा राहिला. अक्षरं दिसत नव्हती. तरी मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. शेवटी तो जाऊन आपल्या खुर्चीत बसला.

तेवढ्यावर माझं मन भरलं नाही. जिनातून निघालेल्या आम्ही पुष्कळ बाया होतो आणि वाचता येणारी मी एकटी. पुढच्या खेपेला मी जमनीला आणि जिनातल्याच पार्वताला घेऊन गेले. मग आणखी दोघी आल्या. त्या बाकावर बसत, मी हळू आवाजात जाहिराती वाचायची. वणीच्या दवाखान्यात आया पाहिजे असं निघालं. अर्ज मी लिहिला, पार्वतानं अंगठा केला. तिला काम लागलं. सुटी मिळाली की ती बाजारातून पोरासाठी काही घेऊन घरी यायची. ते पाहून मला आनंद व्हायचा. आणि लगेच आत्याबाईची खाट डोळ्यांपुढं यायची.

एक दिवस चिटणीसानं मला बाजूला बोलावलं. आवाज मऊ होता. पहिल्यांदाच त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं.

"हे बघा, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं वेगळं. तुम्ही खुशाल आत बसा, पुस्तकंसुद्धा घरी न्या. नर्सच्या शिक्षणाची भरती परत निघेल, मी तुमच्यासाठी शब्द टाकतो. फक्त त्या बायांना आणू नका. सभासद तक्रार करतात."

मी लगेच नाही म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू? माझ्या डोळ्यांपुढं पांढरे कपडे आले, पगार आला, आत्याबाईसाठी औषध आलं. बाकावर जमनी पदर सावरून बसली होती. माझ्याकडं पाहत होती. आम्ही काय बोलतो ते तिला ऐकू येत नव्हतं. याच बाईनं माझ्या सासूला नाल्यातून उचलून आणलं होतं. आणि मी तिच्यासमोर उभी राहून तिला विकावं की नाही याचा हिशेब करत होते.

स्वतःची इतकी किळस मला त्या ओसरीवरही आली नव्हती.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "येऊ तं साऱ्या येऊ."

"मग मी कमिटीपुढं विषय ठेवीन. बायांना बंदी होईल."

"ठेवा. कमिटीपुढंही आमी साऱ्याच येऊ."

मी बाकावर परत गेले. जमनीनं विचारलं, "काय म्हने?"

मी तिला सगळं सांगितलं. मी थांबले होते, माझं मन डळमळलं होतं, तेही सांगितलं. ती सरकली आणि मला जागा करून दिली.

मला काम नव्हतं. खाणीकडं गेलेल्या नवऱ्याचा पत्ता नव्हता. आत्याबाई खाटेवरून उठत नव्हती. ती माझ्यामुळं पडली, ही टोचणी माझ्या मनात होती, आणि ती मी काढूनही टाकणार नाही. पण त्याचं प्रायश्चित्त मी मान खाली घालून करणार नाही. कमिटी भरेल त्या दिवशी वस्तीतली, तांड्यावरची, जिनातली एकेक बाई मी घेऊन जाईन. दार लावलं तर दार वाजवीन.