गुप्तेबाई आणि सरळ दातांचे ससे

गुप्तेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या ओरड्यातून. रोह्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस म्हणून लागलो, त्याचा तो पहिलाच दिवस होता. पिंजरे धुवायचे म्हणून मी एक ससा कान धरून उचलला. मागून आवाज आला, "सुरेश, तुला कोणी कान धरून उचललं तर चालेल का?" मग त्यांनी एक हात सशाच्या मानेमागच्या सैल कातडीवर आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून ससा कसा उचलतात ते दाखवलं. माझं नाव त्यांना कसं कळलं, हा प्रश्न मला रोह्याजवळच्या माझ्या गावी, वरशाला, घरी पोचल्यावर पडला. बाई हजेरीबुक वाचून आल्या होत्या.

त्याच वर्षी एक भानगड झाली. दोन करड्या सशांच्या जोडीला सहा पिल्लं झाली आणि त्यांतली दोन पांढरीशुभ्र निघाली. विभागप्रमुखांनी निकाल देऊन टाकला की सुरेशने पिंजरा उघडा ठेवला आणि पांढरा नर आत शिरला. माझी नोकरी कच्ची, तोंड उघडायची सोय नाही. बाईंनी तीच जोडी पुन्हा एकत्र ठेवली, पिंजऱ्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. महिन्याभराने मादी व्यायली आणि त्या वेतातही एक पिल्लू पांढरं आलं. ते पिल्लू पदरात घेऊन बाई विभागप्रमुखांसमोर उभ्या राहिल्या. "या वेळी किल्ली माझ्याकडे होती. मेमो मलाच द्या," म्हणाल्या.

नंतर मला त्यांनी समजावलं की प्रत्येक पिल्लाला गुणाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. करड्या वाट्याशेजारी पांढरा वाटा गप्प बसतो. दोन्हीकडून पांढरेच वाटे आले, तरच पांढरं पिल्लू जन्मतं. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," हे त्यांचं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि पुढे शेकडो वेळा ऐकलं. माझी नोकरी या वाक्याने वाचली, त्यामुळे त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

बाई मूळच्या पेणच्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पेण ते रोहा एसटीने ये-जा केली. पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं की त्या स्टँडवर बसून वह्या तपासायच्या आणि पाणी उतरलं की पुढची गाडी धरायच्या. घराच्या मागच्या पडवीत त्यांचे स्वतःचे ससे असत. पांढरे न्यूझीलंड, करडे सोव्हिएत चिंचिला आणि दोन्हींच्या संकराची भली मोठी प्रजा. कोणत्या जातीत कोणता गुण दडून बसलाय ते वीण घेऊन शोधायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. प्रत्येक सशाच्या कानात नंबर गोंदलेला आणि तोच नंबर वहीत. नंबर नसलेला ससा म्हणजे बाईंच्या लेखी अफवा. शेजारपाजारी म्हणत, सुना-नातवंडं नाहीत म्हणून बाई सशांत रमतात. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "सुना असत्या तर नंबर गोंदायला त्यांनाही बसवलं असतं."

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, बाईंनी वाड्या केल्या. एक आदिवासी वाडी वरशाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आणि दुसरी पेणजवळ हमरापूरच्या बाजूला. दोन्हीकडे घरोघरी पिंजरे उभे राहिले. आमच्या बाजूच्या वाडीची देखरेख त्यांनी माझ्यावर सोपवली. तिथली पुढारी म्हणजे सोमी वाघमारे. तिचं सगळं घर दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. मुलगी रंजना हुशार, पण तिची अर्धी शाळा दरवर्षी भट्टीवर जायची. सशांची पिल्लं विकली जायला लागल्यावर सोमी भट्टीवर जायची थांबली. बाई माझ्याजवळ एकदाच म्हणाल्या होत्या, की दिवाळीनंतर वाडी रिकामी झाली नाही, तर आपलं शास्त्र पास.

सोमीच्या नवऱ्याने, जान्याने, एकदा रानातला ससा धरून आणला आणि आमच्या मादीजवळ सोडला. पिल्लं दणकट होतील, हा त्याचा हिशेब. मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. रानातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा दिसायला भाऊ वाटले तरी त्यांची गुणसूत्रंच वेगळी, एकाची अठ्ठेचाळीस तर दुसऱ्याची चव्वेचाळीस, त्यांना पिल्लं होत नाहीत, हे त्यांनी जान्याला नीट सांगितलं. मग रानातला ससा कुठे बसतो, किती पिल्लं घालतो, हे त्याला विचारून वहीत लिहून घेतलं आणि ससा जिथून आणला तिथे सोडायला लावला. परतताना मला म्हणाल्या, "त्याने कल्पना लढवली. तू इतकी वर्षं माझ्याजवळ आहेस, एक तरी लढवलीस का?"

आता खरी गोष्ट सांगतो. बाईंनी आमच्या वाडीला एक पांढरा नर दिला होता. देखणा, भरदार, स्वभावाने गरीब. वाडीतल्या बायकांनी आपणच एक रीत पाडली होती, ती म्हणजे पहिल्या वेतातली एक मादी वाडीत नव्याने आलेल्या सुनेला द्यायची. बाईंना ती रीत फार आवडली. पण तिच्यामुळे थोड्याच काळात घरोघरी त्याच नराच्या लेकी झाल्या. बाप-लेकींची जोडी लागून एखादा दडलेला दोष वर येऊ नये, म्हणून बाईंचा दंडक होता की वर्षातून एकदा इकडचा नर हमरापूरच्या वाडीत न्यायचा आणि तिकडे जन्मलेला नवा नर इकडे आणायचा. हे काम माझं.

पहिल्या वर्षी टेंपो घेऊन गेलो, तर बायका आडव्या आल्या. सोमी म्हणाली, "दादा, बायनी दिलेला नर हाय. त्यो आमी देनार नाय. तिकडचा मरतुकडा आमाला नको." तिकडचा नर खरंच हडकुळा होता आणि मलाही या देखण्याचा लळा लागला होता. मी रिकामा टेंपो परत नेला आणि वहीत लिहिलं, 'नर बदलला.' पुढच्या वर्षीही तेच केलं आणि तेच लिहिलं. बाईंचं दिलेलं जपायचं म्हणून बाईंचंच सांगणं आम्ही सर्वांनी मिळून मोडलं.

तिसऱ्या वर्षी पिल्लांचे दात वाढायला लागले. सशाचे दात जन्मभर वाढतात; वरचे खालच्यांवर घासतात म्हणून बेताचे राहतात. या पिल्लांचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागतच नव्हते. ते वाकडे होऊन ओठांबाहेर आले. गवत तोडता येईना, पिल्लं उपाशी झुरायला लागली. कोणी गवताला दोष दिला, कोणी दृष्ट काढली. दिवाळी तोंडावर होती. सोमी म्हणाली, "हत्ती झालं गो सशाचं. आता भट्टीवाल्याला व्हय म्हनायचं." रंजना तेव्हा सातवीत होती.

बाई आल्या. तेव्हा त्यांचं वय एकाहत्तर. सगळी वाडी जमली. त्यांनी नर मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि त्याच्या कानातला नंबर वाचला. मग माझ्याकडून वही घेतली, दोन पानं उलटली आणि मिटली. वहीप्रमाणे हा नंबर दोन वर्षांपूर्वीच हमरापूरला गेलेला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडीला म्हणाल्या, "याच्यात दातांचा दोष लपलेला होता. द्यायच्या आधी चाचणी घ्यायला हवी होती, ती मी घेतली नाही. चूक माझी आहे आणि निस्तरणारही मीच. मला वेळ द्या. पण यंदा भट्टीवर कोणी जायचं नाही."

"आनि खायाचं काय?" सोमीने विचारलं.

"माझ्या घरच्या चिंचिला माद्या उद्या इथे येतील. वेगळ्या रक्ताच्या आहेत. त्यांच्यावर उभं राहा."

वीस वर्षं जपलेलं ते वाण होतं. दुसऱ्या दिवशी पेणची पडवी रिकामी झाली. आपल्याकडे बाईंनी फक्त तीन माद्या ठेवल्या, त्याही वाडीतून आणलेल्या वाकड्या दातांच्या. लोकांना वाटलं, म्हातारपणी बाईंचं डोकं फिरलं. चांगलं दिलं आणि खोड असलेलं ठेवलं. पण खरी चाचणी त्या तिघींवरच व्हायची होती. कोणताही नवा नर आधी त्यांच्याशी लावायचा आणि दोन वेतांतली सगळी पिल्लं सरळ दातांची निघाली, तरच तो वाडीत पाठवायचा. या माद्यांचे दोन्ही वाटे दोषाचेच, त्यामुळे नरात दोष दडलेला असेल तर यांच्यापोटी तो लपून राहू शकत नाही. त्यांचे दात बाई दर पंधरा दिवसांनी स्वतः कातरत होत्या आणि कोवळा पाला बारीक चिरून त्यांना भरवत होत्या. पहिला नर नापास झाला, दुसराही झाला. मी म्हटलं, "बाई, आता पुरे, कुठूनतरी विकत आणू." त्या म्हणाल्या, "विकत आणलेल्यालाही हीच परीक्षा द्यावी लागेल." तिसरा नर पास झाला. मग दर शुक्रवारी, उन्हापावसात, गुडघ्यांना पट्टे बांधून त्या एसटीने येत राहिल्या आणि वाडीतलं एकेक पिल्लू हातात घेऊन त्याचा ओठ वर करून पाहत राहिल्या. सलग दोन वर्षं एकही वाकडा दात दिसला नाही, तेव्हा कुठे त्यांनी वाडीत बसून निवांत चहा घेतला.

दात वाढले त्या वर्षी भट्टीवर वाडीतून कोणीही गेलं नाही. पुढेही गेलं नाही. रंजना आता अकरावीला आहे, शास्त्र शाखेत.

राहिलो मी. त्या सभेनंतर बाई वहीबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच वही त्यांनी माझ्या हातात दिली, नव्या माद्यांचे नंबर लिहायला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चार वर्षं वाडी मला मान देते आणि चूक बाईंच्या नावावर आहे, हे मला सलत राहिलं. बाईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा ठरवलं की कौतुक सगळेच लिहितील, आपण खरं लिहू. छापायला देण्याआधी वाडीत गेलो आणि वरचं सगळं सोमीला वाचून दाखवलं. आता वाडीचा विश्वास उडणार, अशी मनाची तयारी केली होती.

सोमी ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "दादा, नर तू नेला नाय ता आमी बघितलाच ना. वहीतलं बायनी सांगितलं."

"कधी?"

"माद्या घेऊन आली ना, तवाच. तू टेंपोत व्हतास. म्हनली, तुमी हट्ट केला, त्यानं खोटं लिवलं, मी चाचनी केली नाय. तिगांची चूक हाय. त्याला कुनी बोलू नका. वही त्याच्याकडंच ऱ्हाऊ दे, त्यो आता चुकायचा नाय."

मी तिथेच रडलो. साठी उलटलेल्या माणसाने वाडीच्या मधोमध रडावं हे शोभत नाही, पण रडलो.

गुप्तेबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देवोत आणि डोळे सशाच्या कानातला नंबर वाचत राहोत. बाई, शुक्रवारी तुम्ही कितीही वर्षं या, आम्हाला हव्याच आहात. आणि दोन वर्षं मी वहीत जे लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला ते त्या सभेच्या दिवसापासून माहीत आहे, तरीही माझ्या तोंडून कधी तुमच्यापर्यंत आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून देतो. मला माफ करा.