भाजण्याचे कारण

शेठजींनी माझ्या ओठाचा डावा कोपरा बोटाने वर उचलला. मला ते कळले नाही.

त्या बाजूच्या गालावर, ओठापर्यंत, माझ्याच मांडीची कातडी बसवलेली आहे. तिला अजून स्पर्श कळत नाही. समोर तिसऱ्या रांगेत आई बसली होती. तिने मान खाली घातली, तेव्हा मला समजले, माझ्या चेहऱ्याला कुणीतरी हात लावला आहे. मग अत्तराचा वास आला. मग अंगठीचा खडा डोळ्याच्या कडेला चमकला.

"बेटा, ज़रा मुस्कुराओ," ते माइकमध्ये म्हणाले. "देखिए, अब मुस्कुरा सकती है."

फुलचूरच्या मंगल कार्यालयात शेठजींनी भरवलेल्या मोफत शस्त्रक्रिया शिबिराचा समारोप होता. मंचावर आम्ही सहा रुग्ण. मागे फलक, फलकावर आमचे जुने चेहरे. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर छायाचित्रे काढतात: समोरून, डावीकडून, उजवीकडून. ओढणी दूर, केस मागे, हसायचे नाही. ती फाइलसाठी असतात, असे मला सांगितले होते. येथे माझा ओढलेला, उघडा चेहरा माझ्याहून उंच होता.

"बचपन में चूल्हे पर गिरी थी," शेठजी म्हणाले. "इन लोगों के घरों में यही होता है. चूल्हा भी नीचे, बच्चे भी नीचे."

लोक हसले. मोठ्याने नाही. जेवणाची वेळ झाल्यावर हसतात तेवढे.

मी चुलीवर पडले नव्हते.

मी नऊ वर्षांची होते. आई याच शेठजींच्या राईस मिलमध्ये उकडलेले धान पटांगणावर पायाने पसरवीत असे. ऊन पांढरे होते. मी धान उकडायच्या टाकीच्या सावलीत बसले आणि वाफेचा नळ सुटला. आवाज आधी आला, की पांढरेपणा, ते आठवत नाही. दवाखान्यात नेताना गाडीत मिलच्या मुनीमजींनी आईला सांगितले, "चूल्हे पर गिरी, इतना ही बोलना. नहीं तो कल से मत आना."

आई तेवढेच बोलली. दवाखान्याच्या कागदावर एक ओळ असते: भाजण्याचे कारण. तिथे चूल लिहिली गेली. त्यानंतर प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक कागदावर, चूल. सोळा वर्षांत मलाही ती आठवू लागली होती. राख, निखारे, लाकडाचा धूर. जे घडलेच नाही त्याचे रंग मी पाठ केले. पण मिलजवळून जाताना भिजून आंबलेल्या धानाचा वास येतो आणि मी ओढणी नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडे जाते. चुलीच्या धुरापासून मी कधी दूर गेले नाही.

मी माइकशिवाय म्हटले, "शेठजी, मी तुमच्या मिलमध्ये भाजले."

पहिल्या दोन रांगांनी ऐकले. शेठजी हसले. "घबरा गई है बच्ची," म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रुग्णाला समोर घेतले.

मी पंचवीस वर्षांची आहे. सौंदडच्या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते.

अजून एक शस्त्रक्रिया राहिली होती. माझी डावी खालची पापणी व्रणाने खाली ओढलेली आहे. झोपेतही तो डोळा मिटत नाही. कानामागची कातडी घेऊन पापणी सोडवावी लागेल, नाहीतर बुबुळ सुकेल आणि दृष्टी जाईल, असे शिबिराच्या डॉक्टरांनी सांगितले होते. ती शस्त्रक्रिया शेठजींच्या, खर्चाची हमी देणाऱ्या पत्रावर व्हायची होती.

तीन दिवसांनी शिबिराचे सचिव पत्र घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आईने पाणी आणले. "नको, उपास आहे," म्हणाले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकला. पत्रासोबत एक कागद होता. शिबिराच्या जाहिरातीत माझे छायाचित्र छापण्यास संमती, आणि खाली माझ्या तोंडचे म्हणून एक वाक्य: लहानपणी घरी चुलीवर भाजले.

"सही कर ना, माय," आई म्हणाली. "एका ओळीनं का होते? डोळा जाईन तुया."

"आई, मी कुठं भाजली तुले माहीत हाये ना?"

"मीच होती ना तिथं."

"मंग कायले चूल सांगत राहिली?"

"काम गेलं असतं. मंग तुयी मलमपट्टी कोन केली असती?"

मला तिचा राग आला नाही. कागद मात्र मी सचिवांना परत दिला.

"सही करणार नाही."

"मंग पत्र वापस न्या लागन."

"न्या."

"डोळा का सोन्याचा बसवून राहिल्या, मास्तरीणबाई?" ते म्हणाले, आणि त्यांनी मोटारसायकल सुरू केली.

पुढच्या महिन्यात आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा येतात. त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "कसं भाजलं होतं?"

सवयीने आईचे तोंड उघडले. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"वाफेनं," आई म्हणाली. "मिलच्या वाफेनं. मी तिथंच होती."

डॉक्टरांनी लिहिले. आई त्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवले. त्याच कागदावर छायाचित्रांच्या संमतीसमोर मी माझ्या अक्षरात लिहिले, "फक्त उपचारासाठी," आणि सही केली.

"यादी मोठी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काही महिने लागतील. तोवर डोळा टिकेलच, असं मी सांगू शकत नाही."

"चालेल," मी म्हटले.

डोळा राहील किंवा जाईल. गेला, तर त्याचेही कारण कुणीतरी विचारेल. तेव्हा मी मिलचे नाव सांगेन. मग शेठजींचे. मग दारापर्यंत आणून परत नेलेल्या पत्राचे. क्रमाने सांगेन. समोरचा लिहून घेईपर्यंत थांबेन, आणि लिहिलेले वाचून पाहीन.