ताईचे बिननावी कागद

माझी ताई लोकांच्या घरी जाऊन त्यांना कांदा चिरायला लावते. तिच्या पिशवीत टेप, पेन्सिल, वही आणि दोन कांदे असतात. ती स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढते, म्हणजे ओटा कुठे, सिंक कुठे, कपाटं किती, ड्रॉवर कुठल्या बाजूला, सगळं मापासकट कागदावर. पण त्याआधी त्या घरात जो कोणी जास्त स्वयंपाक करतो त्याच्या हातात कांदा देते आणि म्हणते, तुम्ही चिरा, मी काही बघत नाहीये. बघत असतेच. कोपर कुठे येतं, खांदा वर उचलला जातो का, माणूस पाय बदलतो का. मग कागदावर एक बारीक तुटक रेघ मारते, ती कोपराची रेघ. त्या रेघेच्या दीड मूठ खाली ओटा. लोक आधी हसतात आणि मग ओट्याशी उभं राहून म्हणतात, अय्या, म्हणून माझी मान दुखते होय.

सहा वर्षं ती किचन बनवणाऱ्या एका कंपनीत होती. तिथे सगळे ओटे एकाच उंचीचे. एकदा एक बुटकी बाई तक्रार घेऊन आली की मला पाटावर उभं राहून भाजी परतावी लागते. ताई साहेबांकडे गेली तर साहेब म्हणाले, होते गं सवय माणसाला. ताईने आठवड्याभरात राजीनामा दिला. मी उड्या मारल्या. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, म्हणजे त्यांना पटलेलं नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

तेव्हापासून आठ महिने झाले आणि ताईला एकही काम मिळालेलं नाही.

म्हणजे काम ती रोज करते. मिळत नाही. स्वतःचं काम सुरू केलेल्या माणसाला सगळं जग सल्ले देतं. मोबाईलवर एक माणूस आहे, मागे पांढरी भिंत, पुढे कुंडी, तो सांगतो, आधी तुमची कला फुकट दाखवा, गिऱ्हाईक चालत येईल. ताईने ते मनावर घेतलं. अकरा घरी गेली. अकरा घरी मापं घेतली, कांदे चिरून घेतले, चार-चार दिवस बसून ड्रॉइंग काढलं आणि नमुना म्हणून देऊन आली. अकराही घरांनी चहा पाजला, कागदाचा फोटो काढला, 'किती बारकाईनं केलंय हो' म्हटलं, आणि शेवटी 'कळवतो'. हा शब्द मी भाषेतून काढून टाकणार आहे. कळवतो म्हणे. काय कळवतो? कधी कळवतो?

मोबाईलवर ती कामाचे फोटो टाकते तिथेही तेच. बदाम. सुंदर. मस्त गं. एका माणसाने विचारलं, हे खालचे ड्रॉवर कुठे मिळतात, तर ताईने त्याला नऊ ओळींचं उत्तर लिहिलं, बिजागरीच्या मापासकट. त्याने अंगठा पाठवला. मी म्हटलं, ताई, तू या माणसाचा पत्ता दे फक्त. ती म्हणाली, "भडकूबाई, अभ्यास करा."

भडकूबाई म्हणजे मी.

बुधवारी साहेबांचा फोन आला. ताईच्या जागी घेतलेला मुलगा सोडून गेला होता. परत ये, जागा तुझीच आहे, पण सोमवारी सकाळपर्यंत सांग. फोन स्पीकरवर होता, बाबा समोर बसलेले.

"सोमवारी हो म्हण," बाबा म्हणाले.

"बघते."

"काय बघतेस? आठ महिने बघतेयस. मी तुला अडवलं का? नाही अडवलं. एक काम आण. एक. स्वतःहून कोणी म्हणू दे की मला तुझं काम हवंय. सोमवारपर्यंत आणलंस तर मी परत तोंड उघडणार नाही."

"तुम्ही तोंड उघडणार नाही हे कोणालाही खरं वाटणार नाही," आई म्हणाली.

ताई हसली नाही. म्हणाली, "ठीक आहे. नाही मिळालं तर जाईन परत." इतक्या शांतपणे म्हणाली की मला ताट आपटावंसं वाटलं. आपटलंही. आईने मलाच झापलं.

शुक्रवारी माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी डेंटिस्टबाईंकडे गेले. ताईच्या अकरा घरांपैकी एक यांचं. पुढे दवाखाना, मागे घर. चार महिन्यांपूर्वी ताई इथे सबंध दुपार होती. बाईंच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना उभं राहवत नाही पण स्वयंपाकघर सोडवत नाही. ताईने जमिनीवर बसून त्यांची मापं घेतली होती आणि ओट्याखालून बाहेर ओढता येईल अशी एक फळी काढून दिली होती, खुर्चीत बसून चिरता येईल इतकी खाली, गुडघ्यांना जागा सोडून. बाई खूश झाल्या होत्या. पुढे फोनवर म्हणाल्या, सध्या काम पुढच्या वर्षावर ढकललंय, कळवतो.

बाईंनी मला सुई टोचली, म्हणाल्या दहा मिनिटं बाहेर बस, बधिर होऊ दे. मी बाहेर बसले. घराकडचं दार अर्धं उघडं होतं. आणि आत सासूबाई खुर्चीत बसून गाजर चिरत होत्या. त्या फळीवर.

तीच फळी, तीच गोल केलेली कड, तीच गुडघ्यांची जागा. वर नवी कपाटं, सिंक खिडकीखाली, जसंच्या तसं. मी चार महिन्यांपूर्वी हे सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीत बघितलं होतं. माझ्या डोक्यातून धूर यायचा बाकी राहिला. मी सरळ आत गेले आणि ओरडायला तोंड उघडलं, तर अर्धं तोंड माझं नव्हतंच. शब्द बाहेर पडायच्या आधी लाळ पडली.

"हे टाईचं आहे," मी म्हटलं. जमेल तसं.

डेंटिस्टबाई मागून आल्या. "अगं हो, तुला सांगायचंच राहिलं. सुताराने केलं बघ, दोन आठवड्यांत. छान झालंय ना?"

"टुम्ही म्हणालात पुढच्या वर्षी."

"अगं ड्रॉइंग तयारच होतं ना मग. तुझ्या ताईनेच दिलं. आम्ही काही मागितलं नव्हतं."

हेच. हेच मला सहन होत नाही. कारण खरं होतं. ताईने स्वतःच्या हाताने दिलं होतं. बाईंनी चोरी केली नव्हती, फक्त लाज सोडली होती, आणि त्याची कुठे तक्रार करायची?

सासूबाई बिचाऱ्या गाजर धरून म्हणाल्या, "ज्या मुलीने ही फळी सुचवली तिला सांग, दोन वर्षांनी मी कोशिंबिरीला हात लावला." मग मला सुताराचा पत्ताही त्यांनीच दिला. बस डेपोच्या मागे, टायरवाल्याच्या शेजारी. मी दाढ तशीच ठेवून निघाले. बाई मागून ओरडत होत्या, अगं काम अर्धं राहिलंय, तासाभराने दुखेल. दुखू दे.

सुताराच्या कारखान्यात भुसा घोट्यापर्यंत. करवत चालू होती. सुतार म्हणजे पन्नाशीचा माणूस, कानाला पेन्सिल, चष्मा डोक्यावर, आणि चेहरा असा की याचं कोणीतरी आत्ताच डोकं खाऊन गेलंय. मी त्याच्यासमोर उभी राहून वाटेत पाठ केलेलं सगळं म्हणाले. त्याने करवत बंद केली.

"काय? नीट बोल."

मी परत म्हणाले. गालाला हात लावून, ओठ धरून.

"दात काढलास का? घरी जा. इथे धूळ आहे."

मी वळले आणि समोरची भिंत दिसली. भिंतीवर खिळ्याला चार कागद लटकवले होते. चारही ताईचे. त्या बारीक तुटक कोपराच्या रेघा मला कुठेही ओळखता येतात. मी बोट दाखवलं आणि काहीतरी ओरडले.

सुतार एकदम पुढे आला. "हे कोण काढतं, तुला माहितीये?"

मी मान हलवली.

"त्या माणसाला आत्ताच्या आत्ता इथे बोलाव," तो म्हणाला, "मला त्याला दोन शब्द सुनावायचेत."

मी भांडायला आले होते आणि हा माझ्यावरच चढला. मी ताईला मेसेज केला: सुतार, बस डेपोमागे, लगेच ये. ताई वीस मिनिटांत आली, धापा टाकत, आणि आधी माझा गाल बघून म्हणाली, "कोणी मारलं?"

"कोणी नाही मारलं," सुतार म्हणाला. "हे तुमचं?"

ताईने भिंतीकडे बघितलं. चारही कागद एकेक करून बघितले. मला वाटलं आता रडेल. ती तिसऱ्या कागदापाशी थांबली आणि म्हणाली, "हे असंच केलंत ना? सिंक उजवीकडे?"

"डावीकडे केलं. तुम्ही उलटं काढलं होतं, मी सरळ केलं."

"उलटं नव्हतं. त्या काकू डावखुऱ्या आहेत."

"ते मला नंतर कळलं, त्यांनी शिव्या घातल्यावर. सगळं उचकटून परत बसवलं मी. माझे सहा दिवस गेले त्यात. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे? कळलं नाही तर विचारायचं."

"कोणाला?"

ताईने परत कागदाकडे बघितलं.

"नाही, सांगा ना. कोणाला विचारायचं?" सुताराने कागद खिळ्यावरून ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. "नाव आहे? नंबर आहे? गिऱ्हाईकाला विचारलं तर म्हणतात, आमच्या ओळखीच्या आहेत एक. काय एक? तीन महिने शोधतोय मी. इतकं बारीक काढणारा माणूस, बिजागरीचं भोकसुद्धा चुकत नाही, आणि स्वतःचं नाव टाकायला विसरतो?"

ती विसरत नव्हती. मला माहीत होतं, पण मी कधी विचारच केला नव्हता त्याचा. कंपनीत ड्रॉइंगवर काढणाऱ्याचं नाव जात नसे. खालचा चौकोन कंपनीचा. सहा वर्षं तिने तो चौकोन रिकामा सोडला आणि मग स्वतःचे कागद काढतानाही हात तिथे जाऊन थांबायचा.

"बरं नाही दिसत," ती हळूच म्हणाली. "नमुना द्यायचा आणि वर आपलं नाव, नंबर. मागे लागल्यासारखं वाटतं."

मग मी बोलले. तोंड अर्धं होतं तरी बोलले. अकरा घरं, अकरा वेळा कांदे, त्या माणसाला लिहिलेल्या नऊ ओळी, बाबा, सोमवार, सगळं. काय बोलले ते मलाही नीट ऐकू आलं नाही. मी तिच्यावर चिडले होते, बाईंवर नाही, त्या पांढऱ्या भिंतीवाल्यावरही नाही. तिच्यावर. इतकं सगळं दुसऱ्याच्या कोपराचं बघते आणि स्वतःचं नाव लिहायला हिचा हात उचलत नाही.

"ही काय म्हणतेय?" सुताराने विचारलं.

"नाव टाक म्हणतेय," ताई म्हणाली.

सुताराने एक स्टूल पुसलं आणि तिच्याकडे सरकवलं. राग तसाच होता त्याच्या आवाजात, पण तो म्हणाला, "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो, ड्रॉइंग कोण करून देणार. मी म्हणतो, कुठूनतरी काढून आणा. मग आणतात मासिकातला फोटो. तुम्ही जाऊन मापं घ्याल का? तुमचे पैसे ते तुम्हालाच देतील, मी लाकूड कापायच्या आधी. रविवारी एक जण आहे. उंच माणूस, सहा फूट, एकटा राहतो, भांडी घासून पाठ मोडली त्याची."

मी ताईकडे बघत होते. म्हण हो. म्हण ना. पण ती स्टुलावर बसली नाही.

"मला न विचारता काही सरळ करायचं नाही," ती म्हणाली.

"नंबर असेल तर विचारीन."

"आणि नमुना फुकट नाही."

"मी फुकट मागितलंय का? फुकट तुम्हीच वाटताय गावभर."

ताईने पिशवीतून पेन काढलं, पेन्सिल नाही, आणि चारही कागदांच्या खालच्या चौकोनात नाव लिहिलं, नंबर लिहिला. चौथ्यावर अक्षर एवढं मोठं झालं की चौकोनाबाहेर गेलं. मग म्हणाली, "रविवारी किती वाजता?"

रविवारी ती दोन कांदे घेऊन गेली आणि संध्याकाळी आगाऊ रक्कम घेऊन आली. सोमवारी सकाळी साहेबांना फोन केला. एकच वाक्य. साहेब बरंच बोलत होते, तिने ऐकून घेतलं आणि ठेवला. बाबांनी चष्मा पुसला. तोंड उघडलं नाही, दहा मिनिटं तरी.

पुढच्या आठवड्यात दाढ सहन होईना म्हणून मला परत डेंटिस्टबाईंकडे जावं लागलं. त्या हातमोजे चढवत म्हणाल्या, "अगं, माझ्या बहिणीलाही किचन करायचंय. ताईला सांग ना, एक ड्रॉइंग काढून दे म्हणावं."

या वेळी तोंड अजून माझं होतं. मी एकेक शब्द नीट उच्चारला. "बस डेपोमागे, सुताराकडे. तिथे पाटी लावलीये. नाव, नंबर आणि दर."

"आता पैसे घेते होय?"

"हो."

बाईंनी दुसरा हातमोजा ओढला. मी तोंड उघडलं. सुई मागच्या वेळेपेक्षा जास्त लागली. लागू दे.