आईला हवं असलेलं ऊन

आई पुण्यात वारली तेव्हा मी इथे परदेशात, माउंट रॉस्किलच्या घरी कुकर लावत होते.

आज कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. २०१६ साली आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पैठणीला हाच वास होता. नातीबरोबर एक चांगला फोटो हवा, म्हणून तिने ती आणली होती.

एका शनिवारी फोटो काढायला आम्ही जवळच्या टेकडीवर पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. फोटोग्राफर मुलगी उलट खूश झाली. ढगांमुळे चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत, असं तिने समजावलं. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"मग लग्नात एवढाले दिवे लावतात, ते काय वेडे म्हणून?" आई गाडीतून उतरेचना. "काळी येईन मी. उन्हात काढू."

"आज्जी, इट्स नॉट ईव्हन रेनिंग!" लेक म्हणाली.

"तू गप गं. तुला काय, तू कशीही छान दिसतेस."

आम्ही सगळे हसलो. ओल्या गवताचा वास येत होता. काचेआड आई मांडीवर पदर सावरत बसली होती, आणि चेहऱ्यावर खरंच एकही सावली नव्हती.

पुढच्या शनिवारी पाऊस होता, त्याच्या पुढच्याही. मग तिची परतीची तारीख आली. तेव्हा ते शनिवार वाया गेले असं वाटलं होतं. आता तेवढेच आठवतात.

व्हिसासाठी काढलेला तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. त्यात ती एकटी आहे आणि हसत नाही.