द्वारकीचं पुणं आणि शेठजींची मोटार

माझ्या धाकट्या बहिणीला कोणाच्या नकळत पुण्याला धाडायचं म्हणून मी एका पहाटे आमची अख्खी वाडी जागी केली. हेतू शुद्ध होता. साधन मोटार होतं.

द्वारकी सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत परत आली. तीन वर्षं ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसे. तिचा आवाज कसा होता हेही आम्ही विसरत चाललो होतो. मग एके दिवशी तिनेच आईला सांगितलं, "मला पुण्याला शिकायला जायचंय. मास्तरीण व्हायचंय." आई आधी रडली, मग हो म्हणाली. नाना, म्हणजे आमचे वडील, स्वतः मास्तर. पण त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. द्वारकीशी बोलणंच सोडलं. असे दोन महिने गेले. (माझ्याशी ते पूर्वीपासूनच बेताचं बोलत, त्यामुळे मला फारसा फरक कळला नाही.)

बोरीबंदरहून सकाळची आगगाडी धरायची, तर निघायचं ते वाडी उठण्याआधी, असं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या बापूकाकांना सुगावा लागता, तर "घराण्याची अब्रू" म्हणत त्यांनी जिन्यातच ठाण मांडलं असतं. नाक्यावरचा घोडागाडीवाला त्यांचाच माणूस. म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी मोटार आणतो!"

मोटार माझी नव्हती, हे सांगायला नकोच. मी एका शेठजींकडे कारकून होतो. त्यांनी विलायतेहून ते यंत्र आणवलं होतं आणि गावी जाताना मला बजावलं होतं, "आठवड्यातून एकदा फिरवत जा, नाहीतर गंजेल." तेव्हा साऱ्या मुंबईत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या चालवता येणारे त्याहून कमी. मी त्या कमीतला आहे, असा माझा समज होता.

आदल्या संध्याकाळी मोटार वाडीच्या तोंडाशी आणून मी तिच्यावर गोणपाट घातलं. पौषातली रात्र. त्या साली मुंबईत अशी थंडी पडली होती की खोबरेल तेल बाटलीतून निघेना. तेलाची ही गत, तर मोटारीची काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही!

पहाटे द्वारकी शाल गुंडाळून आणि पत्र्याची पेटी घेऊन उभी राहिली. आईने तिच्या हातावर दही घातलं. नाना आत पांघरूण घेऊन पडले होते. जागे होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. द्वारकीने उंबऱ्यातूनच त्यांना नमस्कार केला.

आम्ही तिघं खाली आलो आणि मी मोटारीच्या मागचं मोठं लोखंडी चाक धरलं. ते हाताने गरगरा फिरवलं की यंत्र सुरू व्हायचं. फिरवलं. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवलं. फट्! तोफ उडावी तसा आवाज झाला, कावळे उडाले आणि वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडली.

"कोण मेलं रे?" बापूकाकांनी विचारलं.

"कोणी नाही, काका. झोपा तुम्ही!"

झोपतात कसले! पाचव्या फटक्याला ते कानटोपी घालून खाली आले, आणि त्यांच्यामागे निम्मी वाडी. मला घाम फुटला. त्या थंडीत घाम फुटलेला तेवढा मीच!

"दादा, गाडी चुकेल," द्वारकी हळूच म्हणाली.

"ठिणगी पडत नसेल," मी जाणत्या माणसासारखा बोललो आणि बघायला म्हणून तार धरली. ठिणगी पडत होती. ती माझ्या बोटातून शिरली ती थेट शेंडीतून निघाली! मी "आई गं!" म्हणून जो उडालो तो गोणपाटावर जाऊन बसलो.

आणि द्वारकी हसली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, खळखळून हसली. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; ती लेकीकडेच बघत राहिली.

तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन हिराबाई कोळीण आली. तिने पाटी उतरवून मोटारीला हात लावला. "आरं दादा, ही गारठलीय! पोराला शेकतात तशी शेक हिला."

बापूकाका लगेच म्हणाले, "शेगडी आणतो." खरंच धगधगती शेगडी घेऊन आले आणि मोटारीखाली सरकवू लागले. वर रॉकेलपेक्षा भडक तेलाची टाकी! "काका, वाडी जळेल!" मी शेगडीवर अक्षरशः पाय दिला. (ती खूण अजून तळपायाला आहे.) शेवटी आईने हंडाभर कढत पाणी आणलं आणि मी पंचे भिजवून टाकीला गुंडाळू लागलो.

आता कुठे बापूकाकांना पेटी दिसली. "द्वारके, कुठे निघालीस गं?"

ती खाली बघू लागली. मी काहीतरी खोटं शोधत होतो. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. नाना. डोक्याला पगडी, अंगावर उपरणं. त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मोटारीला नेसवलेल्या पंच्यांकडे पाहिलं.

"बाजूला हो," ते मला म्हणाले. मग वाकून त्यांनी पेटी उचलली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. "चल, द्वारके. शिकायला निघालेल्या मुलीने पहिल्याच दिवशी उशीर करू नये."

बापूकाका आडवे आले. "नाना, लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच उभे आहेत, बापू. विचारून घे."

हिराबाईने पाटी बाजूला ओढून त्यांना वाट करून दिली.

ती दोघं वळणाआड गेली आणि मोटार सुरू झाली! उड्या मारत, धूर ओकत मी निघालो. धोबी तलावापाशी ती दोनदा बंद पडली. बोरीबंदरला पोहोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. नाना बाहेर एकटेच उभे होते.

"गेली," ते म्हणाले. "खिडकीतून हात केला तिने. मी म्हटलं, पत्र टाक." मग उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "थंडी फार आहे."

मी म्हटलं, "बसा नाना, घरी सोडतो."

त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा त्यांनी पूर्वी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

"नको रे. साडेदहाला माझा वर्ग आहे. मी चालतच जातो."

मी वाडीत शिरलो तेव्हा त्यांची शाळा सुटली होती. मोटारीला पुढे बैलजोडी जुंपलेली होती आणि सुकाणू धरून मी ऐटीत बसलो होतो. कारण गाडीवानाने मला नेमून दिलेलं काम तेवढंच होतं!