सुशील-सानचा अमेरिकन नाच

माझ्या नवऱ्याला, सुशीलला, नाचता येत नाही. स्वतःच्या वरातीत तो लोकांचे बूट सांभाळत उभा होता. तरी आम्ही राहतो त्या उरायासु या जपानी शहरातल्या आजी-आजोबांनी स्क्वेअर डान्सच्या चालींचे हुकूम ओरडायला त्यालाच धरलं, कारण हुकूम इंग्रजीत असतात. मलाही इंग्रजी येतं. मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी शिकवलेला हा नाच ही मंडळी काउबॉय टोप्या घालून करतात. नियम एकच: ओरडणारा सांगेल तेच करायचं.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर एकदा भर नाचात पुन्हा जमीन हलली. दिवे झुलायला लागले, पण हुकूम नाही म्हणून कोणी थांबेना. सुशील "आई गं" ओरडून टेबलाखाली शिरला. सगळ्यांनी "आई गं" म्हटलं, जोडीदाराचा हात धरला आणि सगळे रांगेने टेबलांखाली गेले.

तेव्हापासून प्रत्येक नाचाचा शेवट असाच होतो. बंद करा म्हटलं, तर माझ्यावरच रुसतात.

परवा केंटकीहून एक प्राध्यापक आले, विस्मरणात गेलेले अमेरिकन नाच शोधत. टेबलाखाली बसून त्यांनी विचारलं, "ही चाल कुठल्या राज्यातली?"

"महाराष्ट्र," साकुमा आजी म्हणाल्या.

प्राध्यापकांनी गंभीरपणे मान डोलावली. "त्या भागात माझं जाणं राहूनच गेलंय."